ओल्या भाताचं वजन

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा मला विषय दिला होता ‘संगणक क्षेत्रातील संधी’. मी हो म्हटलं आणि आठ दिवसांनी त्यांना फोन करून विषय बदलून मागितला. त्या संधींची माहिती आपल्या मुलांना माझ्यापेक्षा जास्त आहे. शिवाय इथे आपण सगळे पंचेचाळिशीच्या आसपासचे. आई-वडिलांची औषधं, सासऱ्यांचे रिपोर्ट आणि आता हळूहळू आपले स्वतःचे रिपोर्ट, असे आपले दिवस आहेत. म्हणून मी आप्पांबद्दल बोलणार आहे. तुमच्यापैकी निम्म्याहून जास्त जण त्यांना ओळखत होता. गिरणीवाले आप्पा.

शनिवारची सकाळची शाळा सुटली की आपण दळणाचे डबे घ्यायला गिरणीवर जायचो आणि आप्पांच्या काट्यावर उभे राहून स्वतःचं वजन करायचो, आठवतंय? आपल्यातल्या दोघांनी एकदा खिशात दगड भरून काट्यावर चढून पैज जिंकली होती. नावं घेत नाही, दोघेही आज आलेत आणि आता त्यांना दगडांची गरज उरलेली नाही. आप्पांनी त्या दिवशी काही न बोलता दोघांचे खिसे उलटे केले होते.

आप्पांचा काट्यावर विश्वास होता, पण आंधळा नव्हता. पाऊस लांबला की लोक ओलसर भात घेऊन यायचे. आप्पा मूठभर भात हातात घेऊन एक दाणा दाताखाली धरायचे. कट्कन आवाज झाला तर वाळलेलं. नाही झाला, तर म्हणायचे, ‘काटा दाखवतोय ते दाखवू दे, यातली वल धरायला पायजे.’ हे वाक्य मी लहानपणी शेकडो वेळा ऐकलं असेल. इंजिनिअर झाले आणि विसरले.

२०१८च्या पावसाळ्यात आप्पांना सिरॉसिस असल्याचं निदान झालं. यकृत हळूहळू घट्ट, गाठाळ होत जातं आणि त्याचं काम मंदावतं, तो हा आजार. आप्पांनी जन्मात दारूला हात लावला नव्हता. पंधरा वर्षांचा मधुमेह आणि यकृतात साठलेली चरबी यातून तो झाला होता. तरीही भेटायला येणारा प्रत्येक माणूस आधी आईकडे आणि मग कोपऱ्यात पिशवी-बाटली दिसते का तिकडे बघायचा. त्यावर पुढे बोलेन.

निरोगी असताना आप्पांचं वजन ६६ किलो होतं. निदान झालं तेव्हा ५९. मी तेव्हा पुण्यात, नोकरी आणि दोन मुलं. रोज येणं शक्य नव्हतं, म्हणून मी माझ्या पद्धतीने काळजी घेतली. मोबाईलला जोडलेला एक काटा घरी आणून ठेवला. आप्पा सकाळी त्यावर उभे राहिले की आकडा माझ्या फोनवर यायचा आणि मी तो तक्त्यात भरायची. ५९, ६०, साडेएकसष्ट. आलेख चढत होता. चार महिन्यांत ६४. मी तो आलेख भावाला पाठवला, नवऱ्याला दाखवला, ऑफिसात जेवताना मैत्रिणीलाही दाखवला. आप्पा सुधारत होते.

त्याच काळात आई फोनवर एक गोष्ट दोनतीनदा म्हणाली. ‘आगं, त्यांचं घड्याळ कोपरापर्यंत सरकतंय. आन् पायजम्याची नाडी मात्र पुरंना.’ मी तिला म्हटलं, ‘आई, वजन वाढतंय, मग नाडी कमी पडणारच ना.’ घड्याळाबद्दल मी काहीच बोलले नाही, कारण घड्याळाचं मला उत्तर सुचलं नव्हतं. आईच्या एका वाक्यात अख्खं निदान होतं आणि माझ्याकडे चार महिन्यांचा आलेख होता.

२०१९च्या जानेवारीत त्यांना पुण्याला दाखवलं, तेव्हा डॉक्टरांनी तपासून आम्हाला आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. मी आत जाताच मोबाईल पुढे केला. त्यांनी आलेख बघितला, मान डोलावली आणि आप्पांच्या पायाच्या नडगीवर अंगठा दाबून धरला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला. मग पोटाची तपासणीची नोंद वाचली. म्हणाल्या, ‘पोटात मध्यम पाणी आहे, दोन्ही पायांवर सूज आहे. पोटातल्या पाण्याचे दहा टक्के आणि पायांचे पाच टक्के वजा करू.’ थोडं पाणी असेल तर पाच टक्के, मध्यम असेल तर दहा, खूप असेल तर पंधरा, आणि पायांवर सूज असेल तर आणखी पाच, असा साधारण हिशेब जगभर वापरतात. हा अंदाजच आहे, पण नुसत्या काट्यापेक्षा खरा अंदाज. ६४मधून पंधरा टक्के गेले. उरले ५४ किलो आणि काही ग्रॅम.

म्हणजे काट्यावर पाच किलो वाढले होते त्या चार महिन्यांत आप्पांच्या अंगातले पाच किलो कमी झाले होते. मधला फरक पाण्याचा, जवळजवळ दहा लिटर.

मला काही बोलता येईना. आप्पाच म्हणाले, ‘म्हंजे वल्या भातावाणी.’ बाईंना ते कळलं नाही, मग आप्पांनी त्यांना दाणा दाताखाली धरायची गोष्ट सांगितली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘आजोबा, आता तुमचा दाणा दाताखाली धरू या.’

आता जे सांगते ते मी डॉक्टर म्हणून सांगत नाही, मला तो अधिकार नाही. त्या खोलीत जे बघितलं आणि नंतर वाचून समजून घेतलं, तेवढंच.

पहिलं म्हणजे दंड. बाईंनी साधी शिंप्याकडे असते तशी टेप घेतली, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये खूण केली आणि घेर मोजला. साडेबावीस सेंटीमीटर. मग दंडाच्या मागच्या बाजूची कातडी चिमटीत धरून एका चिमट्यासारख्या उपकरणाने तिची जाडी मोजली. आठ मिलिमीटर, म्हणजे ०.८ सेंटीमीटर. घेरातून ३.१४ गुणिले ०.८ वजा केले. उरले २०. हा दंडातल्या स्नायूचा घेर, चरबी वगळून. ३.१४ बघितल्यावर मला आपल्या गणिताच्या सरांची आठवण झाली. सर, वर्तुळाच्या परिघाचं सूत्र आयुष्यात कुठे लागणार आहे, असं मी तुम्हाला नववीत विचारलं होतं. तिथे लागलं.

दंडच का? कारण पाणी पोटात आणि पायात उतरतं, दंडात सहसा साठत नाही. आपल्या वर्गातल्या दोघी आज अंगणवाडी सेविका आहेत. त्यांना हे नवीन नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाला त्या तीन रंगांची पट्टी लावतात. साडेअकरा सेंटीमीटरच्या आत आलं की लाल, तीव्र कुपोषण. आणि दोन्ही पायांवर दाबून खळगा पडणारी सूज असेल, तर वजन काहीही असो, ते मूल तीव्र कुपोषितच धरायचं. आपल्या वाड्या-वस्त्यांवर वर्षानुवर्षं हे काम चाललंय. मला तळेघरातल्या अंगणवाडीत जी गोष्ट फुकट कळली असती, ती शिकायला मी पुण्याच्या रुग्णालयात फी भरली.

दुसरं म्हणजे मूठ. एक दांडा दाबायला देतात, त्यावर किती किलोचा जोर लागला ते दिसतं. तीनदा करायला लावतात. आशियातल्या पुरुषांसाठी २८ किलोच्या खाली आणि बायकांसाठी १८च्या खाली आलं की पकड कमकुवत धरतात. आप्पांची पकड १७ भरली. सत्तरीचे होते, पण वर्षभरापूर्वीपर्यंत भाताचं पोतं एकटे ओढून काट्यावर घेत होते. ‘पुन्हा करतो,’ म्हणाले. पुन्हा १७. त्यांनी तो दांडा टेबलावर ठेवला आणि हात कोटाच्या खिशात घातले, तेवढंच माझ्या लक्षात आहे.

तिसरं म्हणजे जेवण. आणि इथे मला सगळ्यात जास्त लाज वाटली. बाईंनी विचारलं, काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय-काय खाल्लं? आईने सांगायला सुरुवात केली. सकाळी बिनसाखरेचा चहा. अकरा वाजता भाताची पेज. संध्याकाळी सातला पुन्हा पेज, किंवा अर्धी भाकरी आणि बिनमिठाची पालेभाजी. आणि? आणि काही नाही. डाळ? डाळ बंद. अंडी? बंद. का? तर मधुमेहामुळे एकाने साखर आणि फळं बंद केली होती. पाण्यासाठी दुसऱ्याने मीठ पूर्ण बंद केलं होतं. आणि ‘लिव्हरला प्रोटीन सोसत नाही, डोक्यावर परिणाम होतो’ असं सांगून तिसऱ्याने डाळ, दूध, अंडी बंद केली होती. प्रत्येकाने आपापल्या परीने एकेक गोष्ट काढली. शेवटी ताटात काय उरलं, ते कोणीच बघितलं नाही. मीही नाही, कारण माझ्या तक्त्यात ताटाचा रकाना नव्हता.

डाळ बंद करण्याचा सल्ला अगदीच हवेतला नव्हता. यकृत बिघडलं की अमोनिया रक्तात साचतो, माणूस गुंगीत जातो, दिवस-रात्र उलटी होते, सही वाकडी होते. म्हणून अनेक वर्षं जगभरचे डॉक्टर अशा रुग्णांची प्रथिनं तोडत होते. २००४ साली बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी गुंगीत दाखल झालेल्या रुग्णांचे दोन गट केले. एकाला कमी प्रथिनं, दुसऱ्याला नेहमीएवढी. गुंगी उतरण्यात काही फरक पडला नाही, उलट कमी प्रथिनं मिळालेल्यांच्या अंगातली प्रथिनं जास्त झिजली. यकृत थकलं की अमोनिया उचलण्याचं काही काम स्नायू करतात. स्नायू उपाशी मारले तर तो मदतनीसही जातो. आता युरोपातल्या आणि आपल्याकडच्या यकृततज्ज्ञांच्या संघटना सिरॉसिसच्या रुग्णाला कोरड्या वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं द्या म्हणतात. आप्पांच्या ५४ किलोला ६५ ते ८० ग्रॅम. ते तीस ग्रॅमच्या आसपासही पोहोचत नव्हते.

बाईंनी आईला आणखी एक विचारलं, ‘तुमची वाटी केवढी?’ आईने हाताने दाखवली. ‘पुढच्या वेळी येताना ती वाटी घेऊन या.’ आणि आई खरोखरच पुढच्या महिन्यात पदराखाली झाकून वाटी घेऊन आली. बाईंनी पाणी ओतून मोजलं. आम्ही ‘दोन वाट्या’ म्हणत होतो त्या पुस्तकातल्या एका वाटीएवढ्या निघाल्या.

भांड्यांवरून एक खरी गोष्ट सांगते, आपल्याच जिल्ह्यातली. आपल्या लहानपणी आणि त्याआधी एक ते तीन वर्षांच्या मुलांमध्ये सिरॉसिसचा एक प्रकार होता. पोट फुगायचं, यकृत दगडासारखं लागायचं, आणि बहुतेक मुलं जायची. जगाच्या वैद्यकीय पुस्तकांत त्याला भारतीय बालसिरॉसिस असंच नाव होतं. घरोघरी त्याची कारणं सांगितली जात, दृष्ट लागली, आईचं दूध नासलं, वगैरे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी या मुलांच्या आयांना बारकाईने विचारलं, बाळाला काय पाजता, कधीपासून, आणि ते दूध कशात तापवता, कशात ठेवता? यकृतात तांबं प्रचंड साठलेलं दिसत होतंच. उत्तर स्वयंपाकघरात सापडलं. बाळाला लवकर वरचं दूध सुरू केलं होतं आणि ते दूध कल्हई नसलेल्या पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलं, ठेवलं जात होतं. दूध भांड्यातलं तांबं ओढून घेतं. १९८३ साली त्यांचा हा शोध ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. घरोघरी स्टीलची भांडी आली, आयांना सांगितलं गेलं, आणि आज हा आजार जवळजवळ दिसेनासा झालाय. मोठ्यांचा सिरॉसिस वेगळा, आप्पांचा त्याच्याशी संबंध नाही. पण काय खाता, केवढ्या वाटीत आणि कोणत्या भांड्यात, हे नीट विचारणं ही रक्ततपासणीइतकीच खरी तपासणी आहे, हे मला त्या गोष्टीवरून पटलं. आई मात्र ती गोष्ट ऐकून म्हणाली, ‘आमच्या सासूबाई दुधाला पितळी पातेलं घेऊ द्यायच्या नाहीत.’ का, ते तिला माहीत नव्हतं. सासूबाईंनाही नसणार.

आता थोडं माझ्या धंद्याच्या नजरेतून. सिरॉसिस किती पुढे गेलाय ते ठरवायला डॉक्टर एक गुणपत्रक वापरतात. त्याचं मूळ १९६४चं आहे, चाइल्ड आणि टरकॉट या दोन शल्यचिकित्सकांचं. त्यात पाच विषय होते: बिलिरुबिन, अल्ब्युमिन, पोटातलं पाणी, मेंदूवरचा परिणाम आणि पाचवा पोषणस्थिती. १९७३ साली लंडनच्या पग आणि सहकाऱ्यांनी ते सुधारलं, तेव्हा पोषण काढलं आणि त्या जागी रक्त गोठायला लागणारा वेळ घातला. तो प्रयोगशाळेत आकड्यात मिळतो. पोषण कसं ठरवायचं? एक डॉक्टर ‘बरं’ म्हणणार, दुसरा ‘वाईट’. बदल समजण्यासारखा आहे, आणि ते गुणपत्रक आजही कामाचं आहे. पण आमच्या कामात मी हे रोज बघते. जे मोजायला अवघड, तो रकाना काढून टाकतात, आणि दहा वर्षांनी सगळे समजतात की ती गोष्टच नव्हती. आप्पांच्या जाड फाईलमध्ये पोषणाबद्दल एक ओळ नव्हती. अल्ब्युमिन होतं, आणि ते कमी म्हणजे जेवण कमी, अशी माझी समजूत होती. पण अल्ब्युमिन यकृतच बनवतं. ते कमी झालं तर यकृत थकलंय हे कळतं, ताटाबद्दल फारसं काही कळत नाही.

अलीकडे हा रकाना परत येतोय. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयाने एक छोटी प्रश्नावली केली आहे, तीत पोटात पाणी आहे की नाही यावरून पुढचे प्रश्न बदलतात, म्हणजे काट्याच्या खोटेपणाची सोय आधीच केलेली आहे. सीटी स्कॅनमध्ये कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवर स्नायूंचं क्षेत्रफळ मोजतात, ते सर्वांत अचूक, पण दर महिन्याला त्यासाठी स्कॅन कोण करणार? आणि अमेरिकेत मुठीचा जोर, खुर्चीतून उठणं आणि तोल सांभाळणं या तीन गोष्टी मिळून एक गुण काढतात. दोन मिनिटांत होतो.

आप्पांचं पुढे काय झालं ते सांगते. डाळ, अंडी, दूध परत आलं. मीठ पूर्ण बंद होतं ते बेताचं झालं. बिनमिठाचं जेवण घशाखाली उतरत नसेल तर मीठ तोडून मिळवलं काय, असं बाई म्हणाल्या. लोणचं, पापड आणि आप्पांचं आवडतं सुकट मात्र गेलं ते गेलंच. आणि रात्री झोपताना खायचं ठरलं. हे आम्हाला सगळ्यांत विचित्र वाटलं. आपल्याकडे सातला जेवण, मग सकाळपर्यंत काही नाही. पण निरोगी यकृत रात्रीसाठी साखर साठवून ठेवतं, सिरॉसिसच्या यकृताकडे तो साठा नसतो. एका रात्रीच्या उपासात अशा माणसाचं शरीर, निरोगी माणूस दोनतीन दिवस उपाशी राहिल्यावर जातो त्या अवस्थेला पोहोचतं, आणि मग स्नायू मोडून इंधन काढतं. न्यूझीलंडमध्ये वर्षभर रुग्णांना तेच पूरक अन्न काहींना दिवसा आणि काहींना रात्री देऊन बघितलं. रात्री घेणाऱ्यांच्याच अंगात प्रथिनं वाढली. आप्पा रात्री दहाला नाचणीची भाकरी आणि दूध खायचे. मधुमेह होता म्हणून ते प्रमाण बाईंनी औषधाशी जुळवून दिलं होतं. आई दहा वाजता उठून भाकरी गरम करायची, आणि आप्पा म्हणायचे, ‘पहारेकऱ्याला जेवण घालतीया.’

पाण्याच्या गोळ्या सुरू झाल्या. काट्यावरचा आकडा खाली यायला लागला. ६४, ६१, ५९. गावातले लोक आईला म्हणायला लागले, आप्पा खंगले. मी तो आलेख बघत होते आणि पहिल्यांदा मला त्यावरून काही कळत नाही हे कळत होतं. जुलैमध्ये वजन ५७, पण पोट उतरलेलं, पायाला खळगा नाही, दंडाचा स्नायू एका सेंटीमीटरने वाढलेला, आणि पकड २१.

गेलेलं सगळं परत आलं असं नाही. २८ त्यांनी कधीच गाठले नाहीत. पण ते गिरणीवर बसायला लागले, पट्टा चढवायला पोरगा ठेवला होता, हिशेब स्वतः करायचे.

मग २०२०चा मार्च आला. पुण्याला जाणं बंद. एसटी बंद. तेव्हा मी तक्ता नव्याने केला. आई दर रविवारी शिवणाची टेप घेऊन दंड मोजायची, खूण चुकू नये म्हणून दंडावरच्या एका तिळापासून. आप्पा हात छातीवर बांधून ओसरीवरच्या खुर्चीतून पाच वेळा उठायचे-बसायचे आणि मी व्हिडिओ कॉलवर वेळ लावायची. बारा सेकंदांपेक्षा जास्त लागले तर चांगलं लक्षण नाही. रेंजसाठी खुर्ची अंगणात एका ठरावीक जागी ठेवावी लागे. एका रविवारी सोळा सेकंद लागले आणि जेवणाच्या रकान्यात तीन दिवस ‘अर्धी वाटी’ होतं. काटा पाव किलोसुद्धा हलला नव्हता. आम्ही त्याच दिवशी डॉक्टरांना फोन केला. पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग निघाला. वेळेवर निघाला.

२०२२च्या जूनमध्ये आप्पा गेले, रोपं टाकून झाली होती. त्या जानेवारीनंतर साडेतीन वर्षं मिळाली. ती या टेपमुळे मिळाली असा दावा मी करणार नाही, मला तसं सिद्ध करता येणार नाही. पण त्या साडेतीन वर्षांत ते जेवले, हे मी सांगू शकते.

दारूबद्दल बोलेन म्हटलं होतं. आप्पांची बाजू मांडताना मी सुरुवातीला प्रत्येकाला सांगायची, ‘त्यांनी कधी घेतली नाही हो.’ रुग्णालयाच्या बाकावर बसून हेच चारदा बोलल्यावर शेजारी बसलेल्या एका बाईने मान खाली घातली. तिच्या नवऱ्याचं पिण्यामुळे झालं होतं. त्यानंतर मी ते वाक्य बंद केलं. आपल्या वर्गातलेही दोघे या आजाराने गेले आणि आपण त्यांच्या घरी जाताना काय बोललो ते आपल्याला आठवतंय. ‘त्यानेच ओढवून घेतलं’ असं एकदा म्हटलं, की मग त्याच्या ताटात काय आहे ते बघायला कोणी जात नाही. पिऊन ज्याचं यकृत गेलं त्याला तर जास्तच खायला लागतं, कारण पिण्याच्या वर्षांत तो जेवलेलाच नसतो. दारू सोडायला मदत करायची आणि भाकरीही द्यायची, दोन्ही एकाच वेळी.

कालच आपल्या एका मित्राने सांगितलं, त्याच्या सासऱ्यांना हा आजार आहे आणि डाळ बंद आहे. मी त्याला म्हटलं, सासऱ्यांच्या डॉक्टरांना तीन प्रश्न विचार: पाणी वजा करून वजन किती? रोज किती प्रथिनं? रात्री काय द्यायचं? आणि सासूबाईंना विचार, घड्याळ कुठपर्यंत सरकतंय.

वेळ संपल्याची खूण सर मघापासून करतायत. तुम्ही तेव्हाही अशीच घंटेआधी खूण करायचात, सर. टेप माझ्या पर्समध्ये आहे आणि शाळेच्या खुर्च्या इथे भरपूर आहेत. जेवणाआधी ज्यांना पाच वेळा उठून-बसून बघायचं असेल त्यांनी मागच्या खिडकीजवळ यावं, वेळ खेळाचे सर लावणार आहेत. खिशात दगड भरणारे दोघे आधी.